नवे संकेतस्थळ शोधयंत्रांच्या नजरेस लवकर कसे यावे



बिदर जिल्ह्यातील औराद, भालकी व बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या तालुक्यांत मराठी, कन्नड व उर्दू या तिन्ही भाषा एकाच बाजारात कानी पडतात. या भागातील एखादी शाळा, सहकारी संस्था अथवा कारागिरांचा गट मोठ्या हौसेने संकेतस्थळ उभारतो, उद्घाटन होते, पेढे वाटले जातात. आणि महिन्याने कोणी शोधयंत्रात संस्थेचे नाव लिहिले तर भलत्याच कोणाचे तरी पान समोर येते. शाळेच्या प्रवेशाची सूचना लोकांना जूनपूर्वी मिळावयास हवी. ती ऑगस्टमध्ये सापडू लागली तर तिचा उपयोग तो काय? विलंबाचे नुकसान येथे प्रत्यक्ष असते.

शोधयंत्राचे कार्य तीन टप्प्यांत चालते. त्याचा स्वयंचलित फिरता कारकून एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जातो, वाचलेल्या पानांची नोंद दप्तरात करतो, आणि कोणी प्रश्न विचारला म्हणजे त्या दप्तरातून उत्तरे क्रमाने मांडतो. ज्या संकेतस्थळाकडे कोठूनही दुवा जात नाही ते आडरानातील वस्तीसारखे असते. तेथे पोहोचावयास कारकुनाला वाटच नसते.

सर्वप्रथम दाराला कुलूप तर नाही ना, हे पाहावे. संकेतस्थळ तयार होत असताना अर्धवट पाने लोकांस दिसू नयेत म्हणून बांधणारा तंत्रज्ञ शोधयंत्रांना मनाई करून ठेवतो. वर्डप्रेस या सर्वपरिचित साधनात तर त्यासाठी केवळ एका चौकटीत खूण करावयाची असते. काम संपल्यावर ती खूण पुसावयाची राहून जाते. अनेक महिन्यांच्या अज्ञातवासाचे कारण पुष्कळदा एवढेच क्षुल्लक असते.

त्यानंतर गूगलच्या सर्च कन्सोल या विनामूल्य सेवेत संकेतस्थळाची मालकी सिद्ध करून सर्व पानांची यादी, म्हणजे साईटमॅप, सादर करावी. ही पद्धत गूगलने 2005 साली सुरू केली आणि 2006 साली याहू व मायक्रोसॉफ्ट यांनीही ती स्वीकारली. एका यादीत 50,000 पत्ते मावतात. गावच्या शाळेला पन्नासही पुरे होतात. महत्त्वाच्या पानाची नोंद व्हावी अशी विनंती तेथेच स्वतंत्रपणे करता येते. बिंग या शोधयंत्राची अशीच वेगळी सेवा आहे. शिवाय 2021 साली निघालेल्या इंडेक्सनाऊ या व्यवस्थेद्वारे नव्या पानाची वर्दी बिंगला तत्काळ देता येते. गूगल मात्र ती व्यवस्था वापरत नाही. जुन्या मार्गदर्शिकांत गूगलला साईटमॅपची वर्दी देण्याचा जो ‘पिंग’ नावाचा मार्ग सांगितलेला असतो, तो बंद करण्याचे गूगलने 2023 साली जाहीर केले. त्यावर आता वेळ दवडू नये.

एवढे करूनही नोंदीस काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत अवधी लागू शकतो, असे गूगलच सांगते. म्हणून सूचना द्यावयाच्या आठवड्यात संकेतस्थळ उघडण्याऐवजी ते दोन महिने आधी उघडावे.

भाषेचा प्रश्न सीमाभागात विशेष नाजूक आहे. गुलबर्गा जिल्ह्याचे नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून कलबुर्गी झाले; परंतु येथील तूरडाळीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले ते ‘गुलबर्गा तूर डाळ’ या नावाने. ग्राहक कोणते नाव लिहील याचा नेम नाही. तीच गोष्ट बिदर आणि बीदर या दोन लेखनांची. पानावरील वाक्यांत दोन्ही नावे सहजपणे यावीत. एकच शब्द वीस वेळा घोटून लिहिणे मात्र वाचकालाही नकोसे होते आणि शोधयंत्रालाही. मराठी, कन्नड व उर्दू मजकुराची पाने वेगवेगळी असावीत आणि ती एकमेकांस जोडलेली असावीत. मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. जुन्या धाटणीच्या अक्षरसंचातील मराठी डोळ्यांना मराठी दिसते, यंत्राला मात्र ती रोमन अक्षरांची निरर्थक रांग वाटते. परिपत्रकाचे छायाचित्र चिकटवून मोकळे होण्याची आपल्या कार्यालयांतील सवयही अशीच घातक. छायाचित्रातील अक्षरे यंत्र वाचीलच असा भरवसा नाही.

बिदरी कामाचे उदाहरण घ्यावे. 2023 साली बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री जाहीर झाली. अशा प्रसंगी दूरदूरचे लोक कुतूहलाने शोध घेतात. त्या वेळी ज्याचे पान दप्तरात नाही, त्या कारागिराच्या दारावरून ग्राहक परस्पर व्यापाऱ्याकडे जातो. कारागिराच्या पानावर ‘उत्कृष्ट वस्तू मिळतील’ एवढेच लिहून भागत नाही. जस्त व तांबे यांच्या मिश्रधातूचे ओतकाम, त्यावरील चांदीचे जडावकाम, बिदरच्या किल्ल्यातील मातीने येणारा काळा रंग, हे सारे कारागिराने आपल्या शब्दांत सांगावे. हे ज्ञान व्यापाऱ्याच्या पानावर क्वचितच असते. पान मोबाईलवर नीट उघडावे, कारण गूगल आता मोबाईलवरील रूप पाहूनच नोंद करते.

दुवे मिळवावयाचे ते ओळखीच्या आणि विश्वासाच्या ठिकाणांहून. ग्रामपंचायत, तालुक्यातील महाविद्यालय, सहकारी संघ, स्थानिक वृत्तपत्र यांच्या संकेतस्थळांवर नव्या संस्थेचा उल्लेख व पत्ता यावा, यासाठी साधे विनंतीपत्र पुरते. पैसे देऊन शेकडो दुवे विकत घेणाऱ्यांवर गूगलने 2012 पासून विशेष कठोर धोरण अवलंबिले आहे. ‘चोवीस तासांत पहिला क्रमांक’ असे सांगत फिरणारे दलाल आता तालुक्याच्या गावीही येऊन पोहोचले आहेत. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, आणि नोंद लवकर करण्यासाठी गूगल पैसे घेत नाही. ग्रामनिधीतील रक्कम अशांच्या हाती पडू देणे हा निव्वळ अपव्यय होय.

नोंद झाली की नाही हे कोणालाही पाहता येते. शोधाच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत ‘साईट’ हा शब्द, त्यापुढे दोन टिंबे आणि जागा न सोडता संकेतस्थळाचा पत्ता लिहावा. पाने दिसली तर ती दप्तरी लागली असे समजावे. न दिसल्यास सर्च कन्सोलमध्ये त्या पानाची तपासणी करावी. नोंद का झाली नाही याचे कारण तेथे दिलेले असते.