भाव पडतो, कर्ज पडत नाही



पनवेल हे आज मोठे शहर झाले आहे. २०१६ साली तिथे महानगरपालिका आली. पण शंभर वर्षांपूर्वी पनवेलची ओळख होती ती खाडीचे बंदर आणि भाताचा बाजार म्हणून. आसपासच्या गावांतले भात बैलगाड्यांनी पनवेलला यायचे आणि तांदूळ मचव्यात भरून मुंबईला जायचा. उलट वाटेने यायची ती मुंबईच्या गिरणीतल्या मुलाची, भावाची मनिऑर्डर. भाताचा पैसा आणि गिरणीचा पैसा, या दोन चाकांवर कुलाबा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांचा गाडा चालत होता.

पहिले महायुद्ध १९१८ साली संपले. युद्धाच्या काळात आणि त्यानंतरची काही वर्षे सगळ्याच मालाचे भाव चढे राहिले. मुंबईच्या गिरण्यांनी भागीदारांना भरघोस नफा वाटला. भाताला भाव होता, म्हणून सावकारही हात आखडत नव्हता. लग्न निघाले, बैल घ्यायचा झाला, बांध फुटला, की कागद व्हायचा. हे कर्ज फिटेल असे घेणाऱ्यालाही वाटे आणि देणाऱ्यालाही वाटे.

असेच चित्र त्या काळी पार दूर कॅनडात होते, बरं का! मॅनिटोबा, सस्कॅचवान आणि अल्बर्टा या तीन प्रांतांतल्या अफाट माळावर शेतकरी गहू पिकवीत होता. १९२३-२४ च्या सुमारास तिथल्या शेतकऱ्यांनी गहू विकण्यासाठी मोठे सहकारी संघ काढले. हप्त्याने ट्रॅक्टर आले, दारात मोटार आली. आपला शेतकरी बैलासाठी कर्ज काढी, तो ट्रॅक्टरसाठी काढी, एवढाच काय तो फरक.

मग १९२९ चा ऑक्टोबर उजाडला. अमेरिकेत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि पाठोपाठ जगभर धान्याचे भाव गडगडले. कॅनडाचा गहू १९३२ च्या डिसेंबरात बुशेलला चाळीस सेंटांच्याही खाली गेला. त्यातच अवर्षण आले, माती वाऱ्यावर उडून गेली. पेट्रोलला पैसे नाहीत, म्हणून लोकांनी मोटारीचे इंजिन काढून तिला घोडे जुंपले. बेनेट नावाचे तेव्हाचे पंतप्रधान होते. लोक त्या गाडीला ‘बेनेट बग्गी’ म्हणू लागले!

आणि आपल्याकडे? शेतमालाचे भाव दोन-तीन वर्षांत जवळपास निम्म्यावर आले. मुंबईच्या बाजारात रंगूनचा स्वस्त तांदूळ उतरत होता. गिरण्यांचीही ओढाताण होती. १९२८ चा सहा महिन्यांचा संप नुकताच होऊन गेला होता, पुढे पगारकपात आणि बेकारी आली. गाड्याची दोन्ही चाके एकदमच रुतली.

आता एक साधे गणित मांडू या. शिक्षकबंधूंनी हे फळ्यावर जरूर घालावे. समजा, भात चार रुपये मण आहे आणि एका शेतकऱ्याने शंभर रुपये कर्ज घेतले आहे. म्हणजे त्याला सावकाराचे पंचवीस मण भात देणे आहे. उद्या भाव दोन रुपयांवर आला. सावकाराच्या वहीत आकडा शंभराचाच राहिला, पण शेतकऱ्याला आता पन्नास मण भात घालावे लागणार. त्याने एक पैसाही नवा उचललेला नाही, तरी त्याचे देणे दुप्पट झाले! सरकारचा साराही रोख रुपयांतच भरायचा, त्यालाही हाच हिशेब लागू. भाव पडतो, कर्ज पडत नाही. मंदीने शेतकरी का बुडाला, याचे उत्तर एवढ्यात आहे.

मग घरातले सोने निघाले. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णचलन सोडले, सोन्याचा भाव वाढला आणि खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या गळ्यातले दागिने वितळून मुंबई बंदरातून बोटींनी परदेशी गेले. सोने संपले, की जमीन जायची.

कुळाची स्थिती याहून बिकट होती. त्याला मक्ता भातात घालावा लागे. पीक बुडाले, खाऱ्या पाण्याने शेत नासले, तरी कबुलायतीतला आकडा हटत नसे. हा जाच मंदीच्या आधीपासूनचा, पण मंदीत तो सोसेनासा झाला. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबागजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने सभा झाली आणि पंचवीस गावांतल्या कुळांनी खोतांची जमीन कसायची नाही असे ठरविले. १९३४ च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले. कुळांनी लाकूडफाटा विकला, मोलमजुरी केली, पण संप मोडला नाही. तो १९३९ पर्यंत, म्हणजे सहा वर्षे चालला.

यातून काय निघाले ते पाहा. कॅनडाने १९३४ साली शेतकऱ्यांची कर्जे तडजोडीने कमी करण्याचा कायदा केला. मुंबई इलाख्यात १९३९ साली कुळांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याच सालच्या दुसऱ्या एका कायद्याने कर्जनिवारणाची मंडळे नेमण्याची सोय केली. खोती नष्ट करणारे विधेयक आंबेडकरांनी १९३७ सालीच मांडले होते. तसा कायदा व्हायला मात्र १९४९ साल उजाडावे लागले. सहकारी संघ असलेला कॅनडाचा शेतकरी असो की कबुलायतीवर अंगठा देणारा आपला कूळ असो, दोघांचेही देणे शेवटी कायद्यानेच हलके करावे लागले. नुसती काटकसर करून ते फिटणारे नव्हते.

म्हणून गावात कोणी कर्जाने पिचला, तर ‘त्याने उधळपट्टी केली असेल’ असे चटकन म्हणू नये. आधी विचारावे, कर्ज घेतले तेव्हा मालाला भाव काय होता आणि आज काय आहे? आणि स्वतः कर्जाचा कागद करताना आकडा रुपयांत वाचून थांबू नये. तो आपल्या पिकाच्या मणांत मोजावा, आणि भाव निम्म्यावर आला तर किती मण लागतील, तेही त्याच कागदाच्या पाठीवर मांडून पाहावे.