लहान धरणाची इयत्ता

जळगांवच्या मेहरूण तलावाच्या कांठीं फिरावयास जाणारीं माणसें पुष्कळ. गणेशविसर्जनाच्या दिवशीं तर तेथें मुंगीला वाट मिळत नाहीं. धुळेकरांना नकाणे तलाव असाच जिव्हाळ्याचा. त्याचें पाणी त्यांच्या घरीं येतें. अशा ठिकाणीं सर्वांचें लक्ष पाण्याच्या शोभेकडे. ज्या बांधानें तें अडविलें आहे, तो नुसती फिरण्याची वाट! वास्तविक तो बांध म्हणजे धरणच.

धरणाचें लहानमोठेंपण ठरविण्यासाठीं १९८५ चें एक भारतीय मानक आहे. एकंदर सांठा ५ लक्ष ते १ कोटि घनमीटर, किंवा वरच्या व खालच्या पाण्याच्या पातळींतील अंतर ७.५ ते १२ मीटर असेल, तर धरण लहान. दोहोंपैकीं जो वर्ग वरचा निघेल तो धरावयाचा. मोठ्या धरणाचा सांडवा संभाव्य महत्तम पुराला पुरला पाहिजे; लहानाला शंभर वर्षांचा पूर पुरे. हे शब्द मोठे फसवे आहेत. शंभर वर्षांचा पूर म्हणजे शतकांतून एकदां नेमानें येणारा पाहुणा नव्हे. दर वर्षीं तो येण्याचा संभव शंभरांत एक. म्हणजे बांधाच्या पन्नास वर्षांच्या आयुष्यांत सुमारें चाळीस टक्के. म्हणूनच, धरण फुटल्यास विशेष हानि होणार असेल तर याहून मोठा पूर हिशेबांत धरावा, अशी मुभा त्याच मानकांत ठेवलेली आहे.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याचें माप मात्र मुख्यतः उंचीचें. १५ मीटरांहून उंच धरणें त्यांत येतात. १० ते १५ मीटरांचीं, लांबी ५०० मीटर किंवा सांठा १० लक्ष घनमीटर अशा अटींपैकीं एखादी पुरी झाली तरच. या धरणांची पावसाळ्यापूर्वीं व नंतर तपासणी सक्तीची आहे. दहा मीटरांखालचा बांध, त्याच्या पायथ्याशीं अख्खी वस्ती असली तरी, या कायद्याच्या चाळणींतून खालीं गळून पडतो.

२ जुलै २०१९ च्या रात्रीं चिपळूण तालुक्यांतील तिवरे येथील मातीचें धरण फुटलें व वीसएक माणसें प्राणास मुकलीं. खेकड्यांनीं तें पोखरलें, असें एका मंत्र्यांनीं सांगितलें तेव्हां त्याची बरीच थट्टा झाली. थट्टा योग्यच होती. पण बिळें मातीच्या बांधाला घातक असतात, हें खोटें नाहीं. बांधांतून पाझरणारें पाणी स्वच्छ असेल तोंवर फारशी चिंता नसते. तें गढूळ झालें कीं आंतली माती वाहूं लागली, असें समजावें. वठलेल्या झाडाचें कुजलेलें मूळही पाण्याला अशीच वाट करून देतें. मग सुशोभनाच्या नांवाखालीं बांधावर वृक्षारोपण करणाऱ्यांना काय म्हणावें?

आणि सांडवा! तो अडला, कीं पाणी माथ्यावरून जातें आणि मातीचा बांध कांहीं तासांत कापला जातो. सांडव्याखालच्या नाल्यांत घरें उभीं राहिलीं, तर बांध एक वीतही न वाढतां धोका वाढलेला असतो. हा धोका बांधाची उंची मोजून कळत नाहीं. त्यासाठीं मे महिन्यांत नाल्यानें खालीं उतरून घरें मोजावीं लागतात, आणि ती मोजणी नगरपालिकेच्या दप्तरीं नोंदवावी लागते.