सात तुकडे आणि एक आयत
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानासाठी कार्यवाहांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही 'वरून पडणाऱ्या तुकड्यांचा खेळ' असे सांगितले. ते क्षणभर स्तब्ध राहिले आणि मग अत्यंत सौजन्याने म्हणाले, "साहेब, संतवाङ्मयावर काही नाही का?" त्यांचा प्रश्न रास्तच होता. आम्ही मराठी घेऊन बी. ए. झालेले, पुढची सारी वर्षे केंद्र सरकारच्या फायलींत गेली. गणिताशी आमचा संबंध प्रवासभत्त्याच्या बिलापुरता. तरीही विषय बदलावा असे वाटले नाही. कारण या खेळातील सात तुकड्यांनी आमच्याच घरात एकदा आम्हांला खोटे पाडले आहे, आणि ती हकीकत बदलीच्या गावी संसार मांडणाऱ्या मंडळींपुढेच सांगण्याजोगी आहे.

खेळ आपल्या परिचयाचा आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी 'ब्रिक गेम' नावाचे, तळहातावर मावणारे यंत्र आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी होते. दहा घरे रुंद आणि वीस घरे उंच अशी एक विहीर. वरून एकेक तुकडा खाली येतो. तो फिरवून, सरकवून जागी बसवावयाचा. आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते. मध्ये पोकळी राहिली की ओळ तशीच राहते, ढीग चढत जातो, आणि तो काठाला भिडला की खेळ संपतो.

या खेळाचे मूळ नाव टेट्रिस. १९८४ साली मॉस्को येथे, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव यांनी तो रचला. त्यांच्या 'इलेक्ट्रोनिका ६०' या संगणकावर चित्रे उमटविण्याची सोय नव्हती. म्हणून कंसाची चिन्हे शेजारी शेजारी ठेवून त्यांनी तुकडे उभे केले. ग्रीक भाषेत चाराला 'टेट्रा' म्हणतात. आपल्या संस्कृत 'चतुर्'चा तो दूरचा भाऊबंद. त्याला त्यांनी आपल्या आवडत्या टेनिसची शेपटी जोडली. खेळाचे हक्क सरकारकडे गेले. १९८९ पासून 'गेमबॉय' या यंत्राबरोबर तो घरोघर पोहोचला, पण मूळ कर्त्याला त्याचे मानधन मिळू लागले ते १९९६ पासून. आम्हां सरकारी नोकरांना यात नवल वाटू नये.

तुकड्यांचा इतिहास मात्र याहून जुना आहे. १९०७ साली हेन्री ड्यूडनी या इंग्रज कोडेकाराने बुद्धिबळाचा पट तेरा तुकड्यांत मोडून तो पुन्हा जुळविण्याचे कोडे घातले. त्यांतील बारा तुकडे पाच-पाच घरांचे होते. पुढे १९५३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात सॉलोमन गोलोम्ब यांनी अशा सर्व आकृत्यांना 'पॉलिओमिनो' हे नाव दिले. पाच घरांच्या आकृत्या बारा होतात. पाजित्नोव यांना ते कोडे आवडत असे. आपल्या खेळासाठी त्यांनी एक घर कमी केले.

चार सारखी घरे कडेला कड लावून जोडली, तर पडद्यावर सातच आकृत्या संभवतात. आमच्या घरी त्यांची नावे ठरलेली होती. एक सरळ 'पट्टी'. एक 'चौरंग'. सुताराच्या हत्यारासारखे दोन 'गुणे', एक डावा आणि एक उजवा. दोन 'नागमोड्या', एक दुसरीची आरशातली प्रतिमा. आणि सातवा तुकडा 'टी', ओळीत तीन घरे आणि मधल्या घरावर चौथे. सात चोक अठ्ठावीस घरे झाली.

आता आमची हकीकत. जून २००० मध्ये आमची बदली कटकला झाली. चिरंजीव तेव्हा नऊ वर्षांचे. शाळेत सारी मुले ओडिया बोलत, याला त्यातले अक्षर कळत नसे. मधल्या सुटीत तो एकटाच डबा खाई, घरी आला की ब्रिक गेम घेऊन खिडकीत बसे. पहिल्या चाचणीचे गुण आले, आणि आम्ही ते यंत्र काढून घेऊन कपाटात कुलूपबंद केले. "खेळात घालवतोस तो वेळ अभ्यासात घाल," असे बजावले. त्याच्याशी बोलणारे घराबाहेर दुसरे कोणीच नाही, हे आम्हांला दिसत असूनही उमगले नव्हते.

मुलाने तक्रार केली नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून त्याने ते सात तुकडे कातरले, आलेखाच्या कागदावर चार घरे रुंद आणि सात घरे लांब असा आयत आखला, आणि त्यात ते बसवू लागला. चार साते अठ्ठावीस. हिशेब बरोबर होता. पण दर वेळी एक घर रिकामे राही आणि एक बाहेर डोकावे. दोन आठवड्यांनी तो आमच्याकडे आला. आम्ही फायलीतून मान वर न करता म्हणालो, "घरे बरोबर आहेत ना? मग बसलेच पाहिजेत. तू चिकाटी धरत नाहीस." तो काही न बोलता परत गेला.

त्या रात्री तो झोपल्यावर आम्ही ते तुकडे हातात घेतले. जमले नाही. दुसऱ्या रात्रीही जमले नाही. सौभाग्यवती म्हणाल्या, "मुलाला रागावलात, आता स्वतः करून दाखवा." अकरा रात्री आम्ही चोरून तो उद्योग केला.

शेजारी एक निवृत्त गणित-शिक्षक राहत. सारा मोहल्ला त्यांना 'सार' म्हणे. रविवारी सकाळी ते चहाला आले असताना आम्ही सहज म्हणून कागद पुढे केला. त्यांनी तुकड्यांना हातही लावला नाही. पेन्सिल घेतली आणि बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे आयताची घरे एकाआड एक काळी केली. चौदा काळी, चौदा पांढरी. मग म्हणाले, "यह होगा ही नहीं, साहब. बच्चे का कोई दोष नहीं है।"

त्यांची उपपत्ती आमच्यासारख्या बी. ए.लाही समजली, म्हणून सांगतो. पटावर शेजारची दोन घरे नेहमी भिन्न रंगांची असतात. ओळीत तीन घरे घ्या: काळे, पांढरे, काळे. चौथे घर टोकाच्या काळ्याला चिकटविले तर ते पांढरे येते; दोन काळी, दोन पांढरी. पट्टी, चौरंग, गुणे, नागमोड्या, या सहाही तुकड्यांचा हिशेब असाच दोन-दोन. पण चौथे घर मधल्या पांढऱ्याला चिकटविले की ते काळे येते, आणि तीन काळी, एक पांढरे होतात. हा टी. तेव्हा सहा तुकडे मिळून बारा-बारा आणि टी तीन-एक. एकूण पंधरा आणि तेरा. आयताला हवीत चौदा आणि चौदा. कितीही फिरवा, जन्मभर बसा, ते जुळणार नाही.

हे ऐकताना मुलगा दाराशी उभा होता. जे होणे शक्यच नव्हते, त्यासाठी आम्ही त्याला चिकाटी नसल्याचा ठपका दिला होता. आम्ही त्याला जवळ बोलावून म्हणालो, "बाळ, चूक माझी होती." त्याने त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. त्याचा प्रश्न निराळा होता: "मग टी फेकून द्यायचा का?"

सार हसले. म्हणाले, टी फेकावयाचा नाही, दुसरा टी आणावयाचा. एकाची तीन काळी असतील तेथे दुसऱ्याची तीन पांढरी येऊ शकतात. त्याच संध्याकाळी त्यांनी आपल्या नातवाला कात्री देऊन धाडले. त्या मुलाने दुसरा संच कातरला. चौदा तुकडे, छप्पन्न घरे, सात गुणिले आठचा आयत. दोघांची भाषा वेगळी, पण तिसऱ्या संध्याकाळी शेवटचा तुकडा बसला, आणि त्यांच्या ओरडण्याने दोन्ही घरांतली माणसे धावत आली. दिवाळीपर्यंत चिरंजीव ओडियात भांडू लागले होते. ब्रिक गेम आम्ही कपाटातून काढून दिला. तो काही दिवस तसाच पडून होता.

पुढे आमच्या वाचनात आले की मूळ खेळाचीही अशीच सिद्धता आहे. १९९७ साली हायडी बर्गिएल या गणितज्ञ बाईंनी दाखवून दिले की, डावी आणि उजवी नागमोडी आळीपाळीने पडत राहिली, तर खेळणारा कितीही कुशल असो, सत्तर हजार तुकड्यांच्या आत विहीर भरतेच. दोष खेळणाऱ्याच्या हाताचा नसतो. तुकड्यांचाच क्रम तसा असतो.

मंडळींनो, आपली मुले परक्या गावी, परक्या शाळेत जेव्हा कोठे बसत नाहीत, तेव्हा आपण लवकर बोलून जातो. त्याआधी घरे मोजावीत, रंग पाहावेत, एवढेच आम्ही शिकलो. आपल्या मंडळाने पन्नास वर्षे गणपती बसविला, नाटके केली, एकट्या पडलेल्या कित्येक कुटुंबांना सोबत दिली, याचा आम्हांला अभिमान आहे. मात्र एक गोष्ट नम्रपणे नोंदवितो. आमच्या घरचा दुसरा टी मराठी घरातून आला नव्हता. तो शेजारच्या ओडिया घरातून आला. पुढील पन्नास वर्षांत या सभागृहाचे दार त्या बाजूलाही उघडे राहावे.

ते चौदा तुकडे आम्ही आज बरोबर आणले आहेत. पुठ्ठा मऊ झाला आहे, एका गुण्याचा कोपरा झिजला आहे. भाषणानंतर बालगोपाळांनी व्यासपीठापाशी यावे. सात तुकडे एकाने घ्यावेत, सात दुसऱ्याने. आणि शक्य तो ओळख नसलेल्या मुलाबरोबर बसावे.