व्यसन आणि अस्वस्थ मन

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या व्यसनमुक्ती शिबिरात एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा सारांश)



व्यसनाने होणारी संसाराची धूळधाण आणि शरीराची हानी यांविषयी आपण पुष्कळ भाषणे ऐकली आहेत. नोकरीच्या प्रारंभी मीही गावोगावी अशीच चित्रप्रदर्शने घेऊन हिंडलो. एका गावी प्रदर्शन पाहून एक गृहस्थ बाहेर पडला आणि सरळ गुत्त्याकडे चालू लागला. लोक हसले, मीही हसलो. आमच्या चित्रांनी त्याचे भय वाढविले होते आणि भय शमविण्याचा त्याला ठाऊक असलेला उपाय एकच होता, हे मला फार उशिरा उमगले.

राग, भीती, अपमान, दुःख हे कोणास चुकले आहेत? ते उसळून आले असता ओळखणे, सोसणे आणि त्यांतून वाट काढणे ही मनाची एक शक्ती आहे. ती अपुरी असली की माणूस बाहेरचा आधार शोधतो. मद्य मेंदूचे व्यापार मंदावते. तगमग घटकाभर निवते आणि मन तेवढेच लक्षात ठेवते. परंतु मद्याने आलेली झोप मध्यरात्री मोडते, सकाळी जीव अधिकच घाबरा होतो आणि संध्याकाळी पाऊल पुन्हा त्याच वाटेला लागते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ एडवर्ड खँट्झियन यांनी १९८५ साली अशी उपपत्ती मांडली की, अनेक व्यसनी माणसे आपल्या सोसवेनाशा झालेल्या वेदनेवर स्वतःच औषध करू पाहत असतात. आनुवंशिकता, संगत, मादक पदार्थांची सुलभता ही कारणेही आहेतच. शिवाय दीर्घकाळच्या व्यसनाने भावना सावरण्याची उरलीसुरली शक्तीही खचते.

केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार देशात मद्यपान करणाऱ्यांची संख्या सुमारे १६ कोटी असून त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांना मदतीची आवश्यकता आहे. एवढ्यांसाठी मनोविकारतज्ज्ञ कोठून आणावयाचे, असा प्रश्न साहजिकच पडतो.

गोव्याचा अनुभव

या प्रश्नाचे एक आश्वासक उत्तर शेजारच्या गोव्याने दिले आहे. तेथील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत अतिमद्यपान करणाऱ्या पुरुषांशी प्रशिक्षित समुपदेशकांनी संवाद साधला. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते; स्थानिक, सर्वसाधारण स्त्री-पुरुष होते. जास्तीत जास्त चार भेटींत त्यांनी आग्रहाला नकार कसा द्यावा, अडचण कशी सोडवावी आणि अवघड भावना कशा हाताळाव्यात, हे शिकविले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनंतर अशा संवादाचा लाभ मिळालेल्यांपैकी शेकडा ३६ जणांचे मद्यपान धोक्याच्या पातळीखाली आले; इतरांत हे प्रमाण शेकडा २६ होते. हा फरक डोळे दिपविणारा नसेल. परंतु भावना सावरण्याचे शिक्षण सामान्य माणूस सामान्य माणसास देऊ शकतो, एवढे त्यावरून दिसते.

आपले कर्तव्य

या शिक्षणाचा पाया शाळेतच घालता येईल. ‘मुलगा असून रडतोस काय?’ असे आपण सहज बोलून जातो आणि दुःखाची एक वाट बुजवितो. आजची मुले मनातील प्रत्येक खळबळीला ‘टेन्शन’ म्हणतात. आपल्या मराठीत खंत, हुरहूर, घुसमट, त्रागा, ओशाळेपणा असे किती तरी नेमके शब्द आहेत. आपल्याला नेमके काय होते आहे हे मुलाला सांगता आले, तर मदत मागणे त्याला सोपे जाते.

पंचायत सदस्यांना माझी कळकळीची विनंती आहे. कोणाही व्यसनी माणसास ग्रामसभेत उभे करून त्याची निर्भर्त्सना करू नका. लाज ही सोसण्यास सर्वांत कठीण भावना आहे आणि ती घेऊन तो कोठे जाईल, हे आपण जाणतोच. त्याचप्रमाणे, वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याकडून एका दिवसात दारू सोडण्याची शपथ घेऊ नका. एकाएकी दारू बंद झाल्यास झटके व भ्रम होऊन प्राणावर बेतू शकते. त्याला प्रथम वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे न्यावे. व्यसनमुक्तीच्या मार्गदर्शनासाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १४४१६ हे विनामूल्य दूरध्वनी क्रमांक शाळेच्या व पंचायतीच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहावेत. व्यसनी माणसाच्या पत्नीला व मुलांनाही आधार लागतो, याचा विसर पडू नये. त्याच्या दुःखाची चौकशी करावी; त्याने घरात केलेल्या मारहाणीला मात्र त्या दुःखाची सबब लागू होत नाही.

मित्रहो, दारूबंदीचे कायदे, छापे, परवाने हे शासनाचे काम आहे आणि ते शासनाने करावयाचेच आहे. परंतु ‘तुला काय होते आहे?’ हा प्रश्न आपुलकीने विचारण्यास कोणत्याही आदेशाची आवश्यकता नाही. त्या गृहस्थाला मी तो विचारला नाही, याची खंत मला आजही आहे. आपल्या गावातील अशा माणसाला आपण तो विचाराल, एवढीच अपेक्षा व्यक्त करून आपली रजा घेतो.