भूकंपाचा इशारा आणि सरकारी खजिना

भूकंपाचें भाकीत करणारें यंत्र अद्याप निघालेलें नाहीं, हें श्रोत्यांनीं प्रथम ध्यानांत घ्यावें. हादरे शहरास पोंचण्यापूर्वीं वार्ता पोंचविणें, एवढेंच साध्य आहे. १९८५ सालीं मेक्सिको शहर उद्ध्वस्त करणारा भूकंप सुमारें ३५० किलोमीटर दूर, किनाऱ्यालगत उद्भवला. यंत्रें तेथें हवीं; तीं एकट्या गृहस्थाच्या आवांक्यांतलीं नव्हेत. नगर-सरकारनें पैसा दिला, आणि १९९५ च्या सप्टेंबरांत शहरास ७२ सेकंद आधीं इशारा मिळाला. तेवढ्यांत शाळेंतील मुलें मैदानांत येऊं शकतात! २०१७ च्या सप्टेंबरांत मात्र भूकंप जवळच झाला. इशारा व हादरा जवळजवळ एकदम आले. म्हणून खर्च व्यर्थ ठरत नाहीं. तो दूरच्या भूकंपासाठींच करावयाचा असतो. अमेरिकेंत त्याच वर्षीं अशा योजनेचें अनुदान थांबविण्याचें अंदाजपत्रकांत सुचविलें गेलें. तेथील काँग्रेसनें तें न मानतां २०१८ सालीं २ कोटी २९ लाख डॉलर दिले.