पूर्वपरीक्षेचा निकाल आणि हाती उरलेले आठवडे



दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका जानेवारीच्या सुमारास हाती येतात. गणित भाग १ मध्ये ४० पैकी १२ गुण पाहून एखादा विद्यार्थी ती उत्तरपत्रिका दप्तराच्या तळाशी दडवतो आणि "अजून पेपर दिले नाहीत" असे घरी सांगतो. त्या रात्री तो अभ्यासाला बसतो, परंतु पान उलटत नाही. गुण कमी पडले, ही बाब गंभीर आहेच. तथापि खरे नुकसान या लपवण्यापासून सुरू होते.

पूर्वपरीक्षेचे गुण बोर्डाच्या गुणपत्रिकेवर छापले जात नाहीत. त्या उत्तरपत्रिकेचे मोल वेगळे आहे: कोठे चुकले हे ती बोर्डाच्या परीक्षेपूर्वीच दाखवते. म्हणून दुसऱ्याच दिवशी ती उघडून गेलेल्या गुणांचे तीन भाग करावेत. येत असूनही घाईत चुकलेले, वेळेअभावी राहिलेले आणि मुळातच न समजलेले. पहिल्या भागासाठी प्रत्येक पायरी लिहिण्याची व चिन्हे पुन्हा तपासण्याची सवय हवी. दुसऱ्यासाठी घड्याळ समोर ठेवून ४० गुणांची प्रश्नपत्रिका २ तासांत सोडवावी. तिसऱ्यासाठी वर्गसमीकरणे असोत वा अंकगणिती श्रेढी, संकोच सोडून शिक्षकांकडे जावे.

अभ्यासाची रीतही तपासली पाहिजे. २००६ साली रोडिगर व कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४२ टक्के, तर आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के मजकूर स्मरला. वाचताना "हे येते" असे वाटते. वही मिटल्यावर काय उरते, तीच खरी कसोटी होय.

पालकांची जबाबदारी येथे फार मोठी आहे. उत्तरपत्रिका लपवावी लागते, ती बहुधा घरातील पहिल्या वाक्याच्या भीतीने. ते वाक्य "शेजारच्याला किती?" असे नसावे, "चल, एकत्र बसून पाहू" असे असावे. मूल अबोल झाले, झोप वा जेवण तुटले, "माझ्याने काहीच होणार नाही" असे वारंवार म्हणू लागले, तर त्याला एकटे सोडू नये. केंद्र शासनाची 'टेली-मानस' ही सेवा २०२२ पासून १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतूनही साहाय्य करते. तिचा आधार घेण्यात कमीपणा नाही.

आणि प्रयत्नांनंतरही बोर्डात एखादा विषय राहिलाच, तरी वाट बंद होत नाही. पूर्वी ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागे; २०१५ पासून निकालानंतर थोड्याच आठवड्यांत फेरपरीक्षा होऊ लागली आणि अनेकांचे वर्ष वाचले.

ज्या घरी आज एखादी उत्तरपत्रिका दप्तरात दडून आहे, त्या घरी ती सायंकाळी दिव्याखाली उघडली जावो. आई, वडील आणि मूल तिच्यावर एकत्र वाकलेले असोत. उरलेले आठवडे तेथूनच उपयोगी पडू लागतील.