बंद डबा की उघडी पेटी?



मी कविता लिहिणारा माणूस. यंत्राच्या बाबतीत माझी धाव रेडिओचं बटण फिरवण्यापर्यंत. तरीही आज एका यंत्राविषयी बोलणार आहे. कारण असं, की २०२४च्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीनं या यंत्राचा निवाडा माझ्यावर सोपवला आणि त्या निवाड्यात तिचा एक बोकड आणि दोन शेळ्या गुंतल्या होत्या.

बहीण नळदुर्गला असते. मेहुण्यांचं हैदराबाद रस्त्यावर मोटारसायकलचं गॅरेज आहे आणि बहिणीच्या दारात सात-आठ शेळ्या. शेळ्या अर्थातच उस्मानाबादी. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं, शेळीला मात्र अजून कुणी हात लावलेला नाही. तर, मे महिन्यात बारावीचा निकाल लागला आणि भाचा चांगल्या मार्कांनी पास झाला. त्याला आधीच शब्द दिलेला होता. पास झालास तर तुझं ते गेमचं यंत्र घेऊ. बकरी ईद १७ जूनला होती, बोकडाला भाव होता. बोकडाचे एकोणीस हजार आले, दोन शेळ्यांचे सतरा. सुट्टीत बापाच्या हाताखाली काम करून भाच्यानं नऊ हजार जमवले. झाले पंचेचाळीस हजार.

आता ज्यांना या भानगडी माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. घरी बसून मोठे गेम खेळायचे तर वाटा दोन. एक म्हणजे कन्सोल. हा कंपनीनं तयार करून दिलेला बंद डबा. टीव्हीला वायर जोडायची, हातात रिमोटसारखा कंट्रोलर घ्यायचा आणि सुरू करायचं. दुसरी वाट म्हणजे गेमिंगचा कॉम्प्युटर. तो तयार घेता येतो, किंवा एकेक भाग विकत आणून घरी जोडता येतो. मोबाईलवरचे गेम हा तिसरा प्रकार, पण तो आपल्याकडे निवडावा लागत नाही, तो आपोआपच घरात येतो.

बहिणीचं मत पहिल्या दिवसापासून कॉम्प्युटरच्या बाजूनं. कारण सरळ होतं. "भाईजान, कॉम्प्युटर म्हटलं की अभ्यासासाठी घेतला म्हणता येतं. सासऱ्यांना काय सांगू, गेम खेळायला शेळ्या विकल्या?"

भाचा तिथंच बसला होता. तो म्हणाला, "मामू, मला गेमच खेळायचे आहेत. अभ्यासाच्या नावावर घेतला तर रोज खोटं बोलावं लागेल. कुणी खोलीत आलं की बटण दाबून पडदा बदलायचा. ते मला नको. जे घ्यायचं ते गेमसाठी म्हणून घ्या, नाहीतर राहू द्या."

खरं सांगतो, मला त्या पोराचा अभिमान वाटला. आपल्याकडं किती घरांत कॉम्प्युटर अभ्यासाचा बुरखा पांघरून आला! २००२ साली 'व्हाइस सिटी' हा गेम निघाला, पुढच्या वर्षी कॉम्प्युटरवर आला, आणि त्यानंतर गावोगावच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये टायपिंग कमी आणि त्याच गेममधल्या मोटारी पळवणं जास्त झालं. फी भरणारे आईबाप खूश, पोरंही खूश. आमच्या घरात निदान हा व्यवहार तरी उघड्यावर झाला. आजोबांना खरं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "बोकड चांगला होता."

मग आम्ही तिघं, मी, मेहुणे आणि भाचा, सोलापूरला गेलो. दुकानात मोठ्या टीव्हीवर प्लेस्टेशन ५ लावलेलं होतं. फुटबॉलचा खेळ चालू होता. खेळाडूच्या मानेवरचा घाम दिसत होता, इतकं स्वच्छ चित्र. माझ्यासारखा माणूससुद्धा पाच मिनिटं गप्प उभा राहिला.

हे यंत्र भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं तेव्हा डिस्कचं मॉडेल ४९,९९० रुपयांना होतं. २०२२च्या नोव्हेंबरात ते ५४,९९० झालं. डिस्क न लागणारं मॉडेल ४४,९९० रुपयांना. आम्ही गेलो तेव्हा हेच भाव होते. म्हणजे आमच्या पंचेचाळीस हजारांत बिनडिस्कचं यंत्र येऊन वर दहा रुपये उरत होते. बोकड आणि दोन शेळ्या जणू कंपनीला विचारूनच विकल्या होत्या!

पण दहा रुपयांत गेम येत नाही. मोठा नवा गेम पाच हजारांच्या घरात. डिस्क घेतली तर खेळून झाल्यावर ती विकता येते, मित्राला देता येते. बिनडिस्कच्या यंत्रात तो मार्गच नाही. गेम कंपनीच्या दुकानातूनच घ्यायचा आणि तो जन्मभर तुमच्याच खात्यावर राहणार. दुसरा कंट्रोलर सहा हजारांचा. इंटरनेटवरून इतरांशी खेळायचं तर बहुतेक गेमसाठी वर्गणी वेगळी. शिवाय एक खर्च कुठल्याच पाटीवर लिहिलेला नव्हता, तो मेहुण्यांनी ओळखला. घरात टीव्ही एक. त्याच्यापुढे माझी आई बसते. बहिणीकडे राहायला आली की रात्री आठ ते दहा तो टीव्ही तिचा. "अम्मींना उठवून फुटबॉल खेळणार आहेस का?" असं त्यांनी विचारल्यावर भाचा विचारात पडला.

मेहुण्यांनी दुकानातल्या पोराला आणखी एक प्रश्न विचारला. "यात मुस्तफा चालतो का?" त्या बावीस वर्षांच्या पोराला काहीच कळलं नाही. पण श्रोत्यांमधल्या चाळिशी-पंचेचाळिशीच्या मंडळींना नक्की कळलं असेल. नव्वदच्या दशकात बसस्थानकामागं व्हिडिओ पार्लर असायचं. प्लायवूडचं खोकं, आत टीव्ही, बाहेर दांडा आणि बटणं, एक रुपयाचं नाणं. त्यात जपानच्या कॅपकॉम कंपनीचा १९९३चा एक गेम होता. त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. ते कुणाला ठाऊक नव्हतं आणि उच्चारताही आलं नसतं. त्यातल्या चार नायकांपैकी एकाचं नाव मुस्तफा. पोरांनी अख्ख्या गेमलाच 'मुस्तफा' करून टाकलं. कुठल्याही जातीधर्माचं पोर असो, रुपया हातात आला की म्हणायचं, चल, मुस्तफा खेळू. आमचे मेहुणे तेव्हा पंधरा वर्षांचे होते, आणि ते सांगतात त्यावरून त्यांचं अर्धं शिक्षण तिथंच झालं. उरलेलं अर्धं, ते खोकं बंद पडलं की मालक ते मागून उघडायचा तेव्हा आत डोकावून.

परतीच्या एस.टी.त हाच माणूस म्हणाला, "जी वस्तू मला उघडता येत नाही ती मी घरात आणत नाही." हे थोडं अन्यायाचं आहे. प्लेस्टेशनचंही झाकण निघतं, आत साठवणुकीची जागा वाढवता येते. पण इंजिन बदलता येत नाही, हे खरं.

नळदुर्गला पोहोचेपर्यंत भाच्यानं कागदावर कॉम्प्युटरचा हिशोब मांडला आणि बापाला गॅरेजच्या भाषेत समजावला. प्रोसेसर म्हणजे इंजिन. रॅम म्हणजे गॅरेजची फरशी, जितकी मोठी तितक्या गाड्या एका वेळी उघडून ठेवता येतात. साठवणुकीची डिस्क म्हणजे मागची सामानाची खोली. आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे फक्त चित्रं काढणारा वेगळा कारागीर. तो सगळ्यात महाग. मोठे गेम खेळायचे तर तो लागतोच. पण काही प्रोसेसरमध्ये एक छोटा चित्रकार आतच बसवलेला असतो. तो घेतला तर आज जुने गेम चालतात, आणि पैसे येतील तेव्हा मोठा कारागीर आणून बसवता येतो.

इथं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्या गावात घरं कशी बांधतात बघा. खाली दोन खोल्या, वर स्लॅब, आणि स्लॅबच्या कोपऱ्यांतून आकाशाकडं तोंड केलेल्या सळया. वरचा मजला कधी होईल? पोरगा नोकरीला लागला की, सोयाबीनला भाव आला की. सळया मात्र आजच सोडून ठेवायच्या. कन्सोल म्हणजे तयार फ्लॅट. चावी घ्या, राहायला या, पण खोली वाढवता येणार नाही. जोडलेला कॉम्प्युटर म्हणजे सळया सोडलेलं घर. ज्याच्या हातात पैसा एकदम येत नाही, ईदला थोडा, दिवाळीला थोडा असा येतो, त्याला दुसरी रीत परवडते. मी निवाडा दिला, कॉम्प्युटर.

भाग आणायला बापलेक सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरला गेले. कॉम्प्युटरच्या सामानाचा तो मोठा बाजार. इथून अडीचशे किलोमीटर, पण दारातून थेट गाडी आणि तिकडं नातेवाईक. १९४८पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानातच होता, आमच्या आजोबांची कोर्टकचेरी आणि लग्नकार्यं तिकडंच व्हायची. रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर, त्याचा बोर्ड, १६ जीबी रॅम, डिस्क, पॉवर सप्लाय, कॅबिनेट, बावीस इंची मॉनिटर, कीबोर्ड-माउस, आणि वळवाच्या पावसात लाइट जाते म्हणून यूपीएस. एकूण बेचाळीस हजार नऊशे. गॅरेजच्या टेबलावर स्वच्छ चादर अंथरून दोघांनी रात्री दीडपर्यंत तो जोडला. बटण दाबलं, पंखा फिरला, पडद्यावर काहीच नाही. मेहुण्यांनी रॅमची पट्टी काढून पुन्हा कट् आवाज येईपर्यंत दाबली. मग चित्र आलं. बापाला आपल्या धंद्यात जेवढा मान मिळाला नसेल तेवढा त्या 'कट्'नं पोराच्या नजरेत मिळाला.

इथं गोष्ट संपवली असती तर माझा निवाडा फार शहाणपणाचा ठरला असता. पण पुढचं सांगायला हवं.

दिवाळीनंतर भाच्यानं त्या वरच्या मजल्याची घाई केली. एका शहरातल्या विक्रेत्याकडून सात हजारांना जुनं ग्राफिक्स कार्ड मागवलं, बिलाशिवाय. दीड महिना उत्तम चाललं. मग एका रात्री पडदाभर रंगीत रेघा. मेहुण्यांनी उघडलं, धूळ काढली, पंखा बदलला, नवी पेस्ट लावली. आठवडाभरात पुन्हा रेघा, मग काळोख. चौकशी केल्यावर कळलं. क्रिप्टो नावाची जी आभासी नाणी आहेत, त्यांच्या 'खाणकामा'ला अशी हजारो कार्डं वर्षानुवर्षं दिवसरात्र जुंपली जात. इथेरियम या मोठ्या नाण्यानं सप्टेंबर २०२२ मध्ये ती पद्धत सोडली आणि राबून थकलेली कार्डं पुसूनपासून जुन्या बाजारात आली. आमचं त्यातलंच एक असावं. थकलेल्या बैलाची शिंगं रंगवून बाजारात उभा करतात, तसंच. विक्रेत्यानं फोन उचलणं बंद केलं.

भाचा चार दिवस कुणाशी बोलला नाही. सात हजार म्हणजे एक शेळी, आणि शेळीला पाला कुणी घातला होता हे त्याला माहीत होतं. मलाही वाईट वाटलं, कारण निवाडा माझा होता. जी वस्तू उघडता येते, तिच्यात काहीही घालून विकताही येतं, हे मी सोलापूरच्या दुकानात बोललो नव्हतो. बंद डब्याला एक बिल असतं, एक वर्षाची हमी असते, आणि भांडायला एकच दार असतं. नऊ भागांच्या कॉम्प्युटरला नऊ बिलं, नऊ दारं.

म्हणून कुणी विचारलं तर आता असं सांगतो. घरात स्क्रू ड्रायव्हर हातात घेणारं आणि बिघाड शोधण्यात रात्र घालवायला तयार असणारं माणूस नसेल, तर कन्सोल घ्या आणि शक्य असेल तर डिस्कचा घ्या. नवे गेम लगेच हवे असतील तरी कन्सोलच. 'स्पायडर-मॅन २' प्लेस्टेशनवर ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, कॉम्प्युटरवर जानेवारी २०२५ मध्ये. 'जीटीए'च्या सहाव्या भागाची पहिली झलक डिसेंबर २०२३ मध्ये दाखवली तेव्हाही नावं कन्सोलचीच होती. कॉम्प्युटरवाल्याला वाट बघता आली पाहिजे. भाग जोडणार असाल तर नवे घ्या, बिलासह घ्या आणि ज्याची घाई नाही तो भाग घेऊच नका. यंदा तर रॅमचेही भाव चढलेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांना ती लागते म्हणून. कुठल्या तरी दूरच्या कारखान्याची भूक नळदुर्गच्या पोराच्या हिशोबात येते.

कार्डाची जागा अजून रिकामीच आहे. छोट्या चित्रकारावर जुने गेम चालतात, भाची त्याच कॉम्प्युटरवर प्रवेशाचे फॉर्म भरते, मेहुणे गॅरेजची उधारी लिहितात. मी गेलो की माझ्या कविता त्यावर टाइप करून घेतो, पण पोराचा खेळ संपल्यावर. तसा करार आहे.

गेल्या महिन्यात शेळी व्याली. जुळी झाली, त्यातलं एक बोकडाचं. बहिणीनं भाच्याला तिथंच बजावलं, "हा कार्डासाठी नाही." भाचा काही बोलला नाही. पण त्या पिल्लाला रोज संध्याकाळी पाला कोण घालतं, ते मी पाहून आलो आहे.